भिंतीवर नाव कुणाचं?



देवळाली कॅम्पातल्या आमच्या वस्तीत दर एप्रिलला एक भिंत निळी होते. गेल्या वर्षी जयंतीच्या तयारीला पोरं रंग आणि ब्रश घेऊन जमली होती. तेवढ्यात बारावीतली एक मुलगी वही घेऊन आली. वहीत रमाईचं चित्र, आणि खाली हिप-हॉपवाल्यांच्या ग्राफिटीसारख्या फुगीर, एकमेकांत गुंतलेल्या अक्षरांत लिहिलेलं 'रमाई'.

"दादा, ही भिंत मी रंगवू?"

मी समाजशास्त्रात एमए केलेला, महिला दिनाला भाषणं देणारा माणूस. मी म्हणालो, "बाळा, भिंतीचं पोरं बघतील. तू रांगोळी सांभाळ."

तिने वही मिटली आणि निघून गेली.

काही कार्यकर्त्यांचा आक्षेप वेगळा होता : हे अमेरिकेचं फॅड आपल्याला कशाला? मित्रांनो, बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते काळ्यांच्या हार्लेम वस्तीला लागून आहे. १९४६ मध्ये त्यांनी डु बॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी दलित पँथर उभी केली, तेव्हा नाव ब्लॅक पँथरवरून घेतलं. पँथर आपली, मग ग्राफिटी परकी कशी? ज्यांना शहराने मोजलंच नाही, त्या पोरांनी न्यूयॉर्कच्या रेल्वे डब्यांवर आपलं नाव लिहिलं. ही भाषा आपल्याला कळायला हवी.

पण तिथेही बाईचं नाव मागेच पडलं. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्राँक्समधल्या ज्या पार्टीपासून हिप-हॉपचा जन्म मोजतात, ती सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला ठेवली होती. आमंत्रणाची कार्डं तिने हाताने लिहिली. जनक म्हणून नाव झालं ते तिच्या भावाचं, डीजे कूल हर्कचं.

त्याच शहरात, त्याच्या थोडं आधी, १९७१ मध्ये फेथ रिंगगोल्ड या काळ्या चित्रकर्तीने रायकर्स बेटावरच्या महिला तुरुंगासाठी भलंमोठं चित्र काढलं. काय बघायला आवडेल, हे तिने आधी कैदी बायकांना विचारलं. मग बस चालवणारी, डॉक्टर, राष्ट्राध्यक्ष अशा बाया रंगवल्या. पुढे तिथे पुरुष कैदी आले आणि त्या चित्रावर पांढरा रंग फासला गेला. नंतर ते वाचवलं गेलं. मला प्रश्न पडला, माझं "तू रांगोळी सांभाळ" हा तरी कुठला रंग होता?

आपल्या नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत जाऊन बघा. चैत्यगृहात भट्टपालिकेचं नाव कोरलंय. दक्षमित्रेच्या दानाचा लेख आहे, गौतमी बलश्रीचा मोठा शिलालेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी बाईचं नाव भिंतीवर होतं! अर्थात त्या मोठ्या घरच्या होत्या. डोक्यावरून दगड वाहणारीचं नाव तिथेही नाही. काळाराम सत्याग्रहात बाया होत्या. पण आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांची नावं गोळा करायला ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक लिहावं लागलं.

मी तिच्या घरी गेलो. तिच्या आईसमोर चूक कबूल केली. पोरगी म्हणाली, "आता कुठली भिंत?" जयंती होऊन गेली होती. आम्ही तिला अभ्यासिकेची भिंत दिली. दोन मैत्रिणींना घेऊन तिने तीन रविवारांत रमाई रंगवली आणि कोपऱ्यात तिघींची नावं घातली. एका ज्येष्ठांनी विचारलं, "महामातेच्या चित्रावर स्वतःचं नाव कशाला?" मी म्हणालो, "काका, कमानीवर देणगीदारांची नावं चालतात ना?" नावं राहिली.

मित्रांनो, आपल्या पोरींना मंचावर बोलावून फुलं देणं सोपं आहे. त्यांच्या हातात ब्रश, माईक आणि मंडळाचा हिशेब द्या. यंदा जयंतीची भिंत त्या तिघींनीच रंगवली. रांगोळी आम्ही काढली. वाकडी आली, पण काढली.

जय भीम! नमो बुद्धाय!