नर्मदाकाठ आणि मांडूचा डोंगर

कापसाची शेवटची वेचणी उरकली, हरभरा घरात आला, की चार दिवसांची सवड मिळते. त्या सवडीत शिर्डी-पंढरपूर आपले होतेच. एखाद्या साली मात्र सातपुडा ओलांडून निमाडात जाऊन या. धुळे, शिरपूर, सेंधवा करीत आग्रा रोडने निघालात की खलघाटला नर्मदेचा पूल लागतो. पुढे धामनोदला उतरायचे. तिथून महेश्वर जवळच. खानदेशातल्या माणसाला तर परमुलखात आल्यासारखे वाटतच नाही. तीच काळी रानं, तोच कापूस, तीच मिरची, आणि निमाडी बोली ऐकली की आपली अहिराणीच कुणी वेगळ्या हेलाने बोलतो आहेसे वाटते.

महेश्वरला राज्य केले ते आपल्याकडच्या एका पाटलाच्या लेकीने. जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची अहिल्या १७२५ साली जन्मली. नवरा गेला, सासरे गेले, पोटचा मुलगाही गेला. तरी १७६७ पासून १७९५ पर्यंत बाईने कारभार चालवला. तिचा वाडा बघा. लाकडी खांब, साधी बैठक. आपल्याकडच्या एखाद्या देशमुखाचा वाडा याहून थाटाचा असेल! पैसा गेला तो घाटांत, विहिरींत, धर्मशाळांत. आपल्या वेरूळच्या घृष्णेश्वराचे देऊळही तिनेच पुन्हा उभे केले.

घाटाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. सकाळी तिथे नुसते बसून राहावे. गावात हातमाग खडखडत असतात. बाईंनी आणून वसवलेल्या विणकरांची ही कला. किल्ल्याच्या दगडावरची नक्षी लुगड्याच्या काठावर उतरलेली दिसते. घरधनीण बरोबर असेल तर इथे दोन तास मोडलेच म्हणून समजा.

तिथून मांडूचा डोंगर चढायचा. शहरातली मंडळी तिथे पावसाळ्यात हिरवळ बघायला जातात. मी म्हणेन, शेतकऱ्याने उन्हाळ्याच्या तोंडी जावे, म्हणजे दगडातली पाण्याची वाट नीट दिसते. डोंगरमाथ्यावर नदी नाही. एवढी राजधानी नांदली ती पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर. जहाज महाल दोन तलावांच्या मधोमध उभा आहे. त्याच्या गच्चीवर गोगलगाईच्या शंखासारखी वळत जाणारी दगडी पन्हळ आहे. वळणावळणाने पाण्याचा वेग मोडावा आणि गाळ खाली बसावा म्हणून ती तशी केली, असे वाटाडे सांगतात. चंपा बावडीला जमिनीखाली खोल्या आहेत, भर दुपारीही थंड. मी ती पन्हळ बराच वेळ बघत राहिलो. आमच्या घराच्या पत्र्यावरचे पाणी दर मृगात अंगणातून ओढ्याला जाते, आणि चैत्रात गाव टँकरची वाट बघते.

बाजबहादूर-रूपमतीची प्रेमकथा तिथे कुणीही सांगेल. १५६१ साली अकबराचे सैन्य आले आणि ते राज्य संपले. कथेपेक्षा रूपमतीच्या मंडपावर चढून खाली बघा. सारे निमाड पायाशी पसरलेले असते आणि हवा स्वच्छ असली तर नर्मदा रेघेसारखी दिसते.

तिथेच एक म्हातारबाबा नातवाला घेऊन उभे होते. मावळतीकडे हात करून त्याला काही दाखवीत होते. विचारले, तर नदीकाठचे त्यांचे गाव सरदार सरोवराच्या पाण्यात गेलेले. २०१९ च्या पावसाळ्यात धरण पहिल्यांदा काठोकाठ भरले, त्या साली घर सुटले. इथून गाव दिसायचे नाहीच, ते लांब राहिले; पण दिशा तरी पोराला ठाऊक असावी म्हणाले. आपल्या नंदुरबारच्या काठची माणसेही याच पाण्याने उठली, हे मी सांगितले. त्यांना ते ठाऊक होते. पाहुणे आहेत त्यांचे तिकडे.

मग त्यांनी मला मांडूच्या चिंचेचे झाड दाखवले. दहा माणसांनी कवेत घ्यावे असा बुंधा, मूळचे आफ्रिकेतले. फळ दुधीएवढे, आतला गर आंबट. वाटेवर बाया विकायला बसतात. बाबांनी एक फोडून अर्धे माझ्या हातावर ठेवले, आणि पहिल्या पावसाने यंदा दगा दिला तर तुमच्याकडे दुबार पेरणीला काय टाकता, ते विचारू लागले.