तोळाभर गोळी, चार मासे दारू

अमेरिकेहून परतलेल्या माणसाने नायगाराविषयी बोलावे, अशी आपल्याकडे रीत आहे. मी नायगारा पाहिला नाही. गेल्या डिसेंबरात तीन आठवडे धाकट्या बहिणीकडे पेनसिल्व्हानियात राहिलो आणि त्यातला बराचसा वेळ ठासणीच्या बंदुकीत दारू किती घालावी, या विचारात घालवला. मराठीच्या प्राध्यापकाला हे शोभते का, असे आमच्या घरातूनही विचारले गेले. पण वाचकहो, आधी हकीकत ऐका.

बहिणीचे घर नॅझरेथजवळ आहे. 1740 साली मोराव्हियन पंथाच्या लोकांनी वसवलेले हे टुमदार गाव. उत्तरेला ब्लू माउंटनची निळसर रांग, खाली बर्फाने झाकलेली मक्याची शेते. अठराव्या शतकात याच प्रांतात जर्मन कारागिरांनी लांब नळीची रायफल घडवली. गावाजवळ बोल्टन येथे हेन्री घराण्याचा बंदुकांचा कारखाना होता. आज तिथे अशा रायफलींचे संग्रहालय आहे. पण ती बंदूक नुसती काचेआड पडलेली नाही. 1974 पासून या राज्यात चकमकीच्या बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा खास हंगाम असतो. नाताळ झाला की तो सुरू होतो.

या बंदुकीचे सारे काम सावकाशीचे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, तेल लावलेल्या चिंधीत गोळी गुंडाळून ती गजाने थेट दारूवर बसेपर्यंत ठासायची. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटण्याचे भय. मग बाहेरच्या वाटीत चिमूटभर बारीक दारू घालायची. चाप ओढला की चकमक पोलादावर घासते, ठिणगी पडते, चिमूट पेटते, ज्योत बंदुकीच्या कानातून आत शिरते आणि मग बार उडतो. त्या चिमटीला आपल्या जुन्या मराठीत ‘रंजक’ म्हणत. कवितेला ‘रंजक’ म्हणताना आपण तिला किती स्फोटक ठरवतो, हे मला त्या दिवशी कळले!

भाचा तेरा वर्षांचा. शिकाऱ्यांसाठी असलेला सक्तीचा वर्ग त्याने पुरा केला होता, परवानाही मिळवला होता. पण आदल्या हिवाळ्यात एक प्रकार घडला होता. आमच्या मेव्हण्यांनी हौसेने त्याच्या हाती आपली बंदूक दिली. आत मोठ्या माणसाचा बार होता. पहिल्याच दणक्याला पोराचा खांदा काळानिळा झाला. खांदा आठवड्यात बरा झाला. मनातली भीती मात्र तशीच राहिली.

“दादा, तू तरी त्याला समजाव. कशाला हवी ती शिकार?” बहीण मला म्हणाली. मी समजवायला गेलो. आजोळी कोकणात रानडुकरांपासून शेत राखायला ठासणीची बंदूक असे, एवढाच माझा या विषयातला अधिकार. शिवाय आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकारीला बंदी आली, हेही त्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “मामा, हरिण मारायलाच हवं असं नाही. पण घाबरलो म्हणून सोडलं, असं मला नको आहे.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. शाळेत शिक्षक होते, आता निवृत्त. त्यांच्या शेतामागे मातीचा उंच बांध होता; तिथे नेमबाजी चाले. पहिल्या दिवशी त्यांनी पाठमोरे होऊन बंदूक भरल्यासारखे केले आणि ती भाच्याच्या हाती दिली. त्याने चाप ओढला. बंदूक रिकामी होती, बार उडालाच नाही. पण नळी वीतभर खाली गेली आणि पोराचे डोळे गच्च मिटलेले आम्ही सर्वांनी पाहिले.

“बघा,” म्हातारबुवा मेव्हण्यांना म्हणाले, “हा दणका बंदुकीचा नाही, आठवणीचा आहे. दचकणाऱ्या हाताची गोळी हरणाच्या पोटात लागते आणि ते दोन दिवस तडफडते.”

मग त्यांनी हिशेब मांडला. तिकडे गोळी आणि दारू ‘ग्रेन’मध्ये मोजतात. 180 ग्रेन म्हणजे आपला एक तोळा, 15 ग्रेन म्हणजे एक मासा. हे कळताच सोनाराच्या दुकानात बसल्यासारखे मला सारे समजू लागले. मेव्हण्यांची लांबट गोळी जवळजवळ दोन तोळ्यांची, आणि तिच्यामागे दारू शंभर ग्रेन, म्हणजे साडेसहा माशांहून अधिक. अर्ध्या इंचाच्या नळीत बसणारी साधी वाटोळी गोळी मात्र तोळाभरच भरते. गोळी जड आणि दारू जास्त, तितकी बंदूक जोराने मागे येते; आणि मागे येण्याचा वेग दुप्पट झाला की खांद्यावरचा मार चौपट होतो. म्हणून दोन्ही कमी करायचे. बंदूक जड असली तर धक्का कमी बसतो खरा, पण पोराला ती पेलायला हवी. तेव्हा दस्ताच त्याच्या हाताच्या मापाने आखूड करून घेतला. कानांवर जाड झाकणे आली, कारण निम्मी भीती आवाजाची असते. आणि बाकावर वाकून न बसता त्याने उभ्याने बार काढायचे ठरले. उभे अंग धक्क्याबरोबर मागे जाते, बसलेले तो सोसते.

सुरुवात तीन माशांनी झाली. धूर उठला, भाच्याने आश्चर्याने खांदा चाचपला आणि हसला. मापट्याने मोजून मोजून आठवडाभरात चार माशांवर आलो. 50 वारांवर त्याच्या तीन गोळ्या तळहाताएवढ्या जागेत लागू लागल्या, तेव्हा म्हातारबुवा म्हणाले, “आता थांबा. याहून दारू वाढवायची नाही. मात्र याची किंमत आहे. वाटोळ्या गोळीचा जोर लवकर ओसरतो. 50 वारांपलीकडे चाप ओढायचा नाही. दारू कमी केली, तर चालणे आणि वाट पाहणे वाढवावे लागते.”

मेव्हणे काही बोलले नाहीत. पण त्या रात्री त्यांनी आपल्या दोन तोळ्यांच्या गोळ्यांची डबी फडताळात वरच्या खणात ठेवून दिली.

हंगामाच्या तिसऱ्या दिवशी आम्ही पहाटे निघालो. तेरा वर्षांच्या मुलाबरोबर मोठे माणूस लागतेच. मेव्हणे होते, आणि मी आपला नुसता सोबतीला. तीन तास बर्फात बसलो. माझ्या पायांची बोटे आहेत की गेली, याचाही पत्ता लागेना. अखेर झाडीतून पांढऱ्या शेपटीचा एक नर बाहेर आला. भाच्याने बंदूक उचलली. नळी हलत नव्हती. हरिण उभे होते ते ओढ्यापलीकडच्या पडक्या कुंपणापाशी. ते अंतर 80 वार असल्याचे त्यांनी सकाळीच मोजले होते.

“मार,” मेव्हणे पुटपुटले.

पोराने क्षणभर नेम धरला. मग मान हलवली, बंदूक उतरवली आणि रंजक झाडून टाकली. हरिण निघून गेले. मेव्हण्यांनी त्याच्या टोपीवरचा बर्फ झटकला, एवढेच.

संध्याकाळी बंदूक रिकामी करायला आम्ही त्या बांधापाशी गेलो. भाच्याने बार काढला. या वेळी मी त्याच्या डोळ्यांकडे पाहत होतो. ते उघडे होते. गंधकाचा वास पसरला, अगदी आपल्या नरकचतुर्दशीच्या पहाटेसारखा.

आवाज ऐकून बहीण दारात आली होती. “मिळालं का रे काही?” तिने विचारले.

“नाही आई, लांब होतं,” तो म्हणाला आणि बंदूक धुवायला गरम पाणी मागू लागला.