वाऱ्याचा डोळा

संध्याकाळी खिडकीशी उभी राहून गजांना गाल टेकला की अजून तो वास येतो, थंड लोखंडाचा, किंचित गंजाचा, नंतर बराच वेळ तळहातांना बिलगून राहणारा. आजोळी चुलीमागे अशीच एक बुटकी खिडकी होती. तिला काच नव्हती, नुसत्या दोन फळ्या. त्या ढकलल्या की ओल्या लाकडांचा धूर गिरक्या घेत बाहेर पडे आणि त्याच वाटेने परसातला वारा आत शिरे. "उघड गं ती खिडकी, डोळे चुरचुरतात," पदराने डोळे टिपत आजी म्हणे.

म्हणूनच असेल, 'विंडो' हा शब्द मुळात काय आहे ते वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले. समुद्रापलीकडून इंग्लंडात येऊन वसलेल्या नॉर्स लोकांचा तो शब्द, 'विंडाउगा'. विंड म्हणजे वारा, आउगा म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा! इंग्रजीत तो रुळला साधारण ८०० वर्षांपूर्वी. त्याआधी तिथली माणसं खिडकीला 'डोळ्याचं भोक' म्हणत. डोळा होताच, वारा मागाहून आला. लॅटिन वळणाचा 'फेनेस्टर' १६ व्या शतकापर्यंत त्याच्या शेजारी नांदला आणि विरून गेला.

संस्कृतातही खिडकी म्हणजे वातायन, वाऱ्याची वाट. आणि गवाक्ष, गोठ्याच्या अंधारात मान वळवून बघणाऱ्या गाईचा तो ओला, वाटोळा डोळा. 'विंड' आणि 'वात' एकाच मुळातले, 'आउगा' आणि 'अक्षि'सुद्धा. इतक्या दूरच्या, इतक्या थंड घरांतल्या माणसांनी आपल्याच घरातले दोन शब्द सांधून खिडकीला नाव दिलं होतं. किती जवळचं वाटलं ते!

पुढे या शब्दाला तिकिटाची खिडकी मिळाली, काँप्युटरच्या पडद्यावरची मिळाली. मंगळाकडे निघायचीही एक 'विंडो' असते, साधारण २६ महिन्यांनी उघडणारी. २०१३ च्या नोव्हेंबरात आपलं मंगळयान तशाच एका खिडकीतून गेलं. तिथे कुठला वारा, कुठला डोळा. तरी ती रात्री आठवली की मला आजीच्या त्या दोन फळ्याच करकरताना ऐकू येतात.

गेल्या श्रावणात आजोळी गेले. गॅस आल्यावर चुलीमागची खिडकी विटांनी बुजवलेली. गिलाव्याखालून तिची चौकट पुसटशी उमटली होती, मिटल्या पापणीसारखी. मी तिथे तळहात ठेवला. भिंत गार होती.