अर्धा पाळक

छत्रपती संभाजीनगर, सोमवार

प्रिय ताई,

सलाम. बस नगर नाक्यावर आली तेव्हा टळटळीत दुपार होती. शेजारच्या सीटवरच्या मुलाशी पुण्यातच ओळख झाली होती. वय बावीस, गाव जालना जिल्ह्यात, शिक्षण बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत छावणीतल्या एका मंडळीत सेवेसाठी निघालेला. पायाशी हार्मोनियमची पेटी, मांडीवर चेनच्या कव्हरातलं बायबल आणि शर्टाच्या खिशात पुठ्ठ्याचे कापलेले चौकोन. एकेका चौकोनावर एकेक हिब्रू अक्षर. घाटात सगळी बस झोपली होती आणि हा ती अक्षरं पिसून पुन्हा पुन्हा ओळखत होता. बावीसच अक्षरं आहेत, पण त्यातली तीन-चार जुळ्या भावंडांसारखी फसवतात, असं त्याचं म्हणणं.

ही सेमिनरी मूळची पुण्याची नव्हे. १९५३ साली ती यवतमाळात सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला हलली. तिथला दिवस घंटेवर चालतो. सकाळी उपासना, मग तास, मेसचं जेवण, संध्याकाळी खेळ, रात्री अभ्यास. नागालँडपासून केरळपर्यंतची मुलं एका टेबलावर जेवतात, त्यामुळे भाजी कुणालाच पसंत पडत नाही. उपदेशाचा सराव मात्र खरा कठीण. एकाने बोलायचं आणि बाकीच्या वर्गाने चुका काढायच्या. हात फार हलतात, शेवट तीनदा केला, गोष्ट पाळकाची होती की क्रिकेटची, असं सगळं तोंडावर सांगतात.

बसमधून उतरताना त्याने केस पाण्याने चापून बसवले आणि शर्टाचं वरचं बटण लावलं. घ्यायला आलेल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्याला ‘या पाळकसाहेब’ म्हटलं. अजून दीक्षा नाही, पदवी नाही, तरी साहेब! त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

छत्रपती संभाजीनगर, शुक्रवार

प्रिय ताई,

छावणी तुला ठाऊक आहे. रुंद रस्ते, जुनी झाडं, गुरुवारचा बाजार. या शहरातली ख्रिस्ती वस्ती जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे चर्च मिशनरी सोसायटीचं काम ज्यांनी उभं केलं ते रतनजी नवरोजी जन्माने पारशी होते. तिकडे जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं. ते मूळचे ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. म्हणजे मराठवाड्यातली ही मंडळी गोऱ्या साहेबांनीच उभी केली असं जे सरसकट म्हटलं जातं, ते अर्धवट आहे. आपल्या या विद्यार्थ्याची पणजी बेथेलच्या शाळेत शिकली, असं घरात सांगतात. तो हे सांगतो तेव्हा त्याची पाठ आपोआप ताठ होते.

आठवडाभर त्याच्याकडे मुलांची सुट्टीतली शाळा आहे. सगळे तिला ‘व्हीबीएस’ म्हणतात. सकाळी आठला पंख्याखाली चटया पडतात. चार वर्षांच्या पोरांपासून मिसरूड फुटलेल्यांपर्यंत सगळे एकत्र. आधी हातवाऱ्यांची गाणी, मग गोष्ट, मग पाठांतर, शेवटी रंगीत कागद आणि डिंक. गोष्ट योनाची होती. त्याने चादरीचा मासा केला आणि एका धीट मुलीला आत घातलं. तीन दिवस पूर्ण होऊनही ती बाहेर यायला तयार नव्हती, कारण आत पंख्याचा वारा छान लागत होता. वर्गात असला खोळंबा झाला असता तर त्याचे गुण गेले असते. इथे त्याला लिंबाच्या सरबताचा जादा पेला मिळाला. पाणी मात्र जपून. नळ रोज येत नाहीत, ड्रम भरून ठेवावे लागतात. सरबताचे पेले दोनच बादल्यांत विसळण्याची कला त्याला पहिल्याच दिवशी शिकवण्यात आली.

दुपारी घरभेटी. प्रत्येक घरात चहा, प्रत्येक घरात प्रार्थना. आजारी माणूस, दहावीचा निकाल, मुलीचं स्थळ, कर्जाचा हप्ता, सगळं त्याच्यापुढे मांडलं जातं. आजोबांच्या वयाचे लोक डोकं खाली करून याच्या प्रार्थनेला ‘आमेन’ म्हणतात. त्यात त्याला अभिमानापेक्षा संकोच जास्त वाटतो, हे चहाच्या सहाव्या कपाशी ओळखता येतं. नाही म्हणता येत नाही, आणि साखर प्रत्येक घरात सढळ.

म्हणूनच संध्याकाळ त्याची. कुणी ओळखत नाही अशा गर्दीत शिरायला त्याला आवडतं. काल शहागंजात घड्याळ दुरुस्तीच्या टपरीवर पट्टा बदलायला थांबला. वर उर्दू पाटी. हा ती उजवीकडून डावीकडे निरखत उभा राहिला, कारण हिब्रूही तशीच चालते. खिशातले पुठ्ठे बाहेर निघाले. चष्मा कपाळावर सरकवून टपरीवाल्या चाचांनी एकेक पुठ्ठा उजेडात धरला. अलेफला ते अलिफ म्हणाले, शिनला शीन. पाच-सहा अक्षरं तरी दोघांना सामाईक निघाली. पुण्यात परीक्षेच्या भीतीने घोकलेली अक्षरं इथे टपरीवर बसून चहा घेत होती, पट्ट्याचे पैसे मात्र पूर्ण घेतले गेले.

तिथून पुढे नान-खलिया. जाडसर पिवळा नान, तिखट तर्रीचं मटण. ही जोडी मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली त्या काळापासून चालत आल्याचं इथले लोक सांगतात. खरं-खोटं कुणी तपासावं? आपल्या विद्यार्थ्याने दोन नान संपवून तिसरा मागवला आणि मग आठवण झाल्यासारखे डोळे मिटून क्षणभर आभार मानले. क्रम चुकला, पण भूक खरी होती. गुलमंडीवर इमरतीही झाली.

छत्रपती संभाजीनगर, मंगळवार

प्रिय ताई,

रविवारी त्याने वचन सांगितलं. शनिवारी रात्री उशिरापर्यंत दिवा होता. एका बाजूला बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र, दुसऱ्या बाजूला पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची जुनी प्रत. ते भाषांतर रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून केलं, मुक्ती सदनातल्या बायकांनी त्याचे खिळे जुळवले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या आणि ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. परीक्षेच्या आदल्या रात्री हिब्रू क्रियापदांशी झटताना रमाबाई आठवतात, आणि मग तक्रार करायला तोंड राहत नाही, असं तो म्हणतो.

उपदेश वीस मिनिटांचा ठरला होता, अठ्ठावीस झाला. बाहेर पडताना पुढच्या बाकावरच्या एक आजी म्हणाल्या, “बाळ, वचन चांगलं होतं. पण तू दोनदा थांबला होतास तिथंच थांबायचं होतं.” वर्गातल्या सगळ्या टीकाकारांपेक्षा हे जास्त उपयोगी पडेल. गाणी मात्र रंगली. तबला, झांजा आणि त्याची पेटी. तुमच्या नगरला रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ च्या बाप्तिस्म्यानंतर तिथल्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवलं, अभंगाच्या चालीत ख्रिस्ताला गायलं. सव्वाशे वर्षांनीही मराठी मंडळीत ऑर्गनपेक्षा झांज जास्त लोकांना उठवते. हा निकाल सेमिनरीतल्या काहींना पटणार नाही.

उपासना सुटली की अर्धी मंडळी पिशव्या घेऊन जाफर गेटच्या रविवार बाजाराकडे वळते. तोही वळला. केशर आंबा आला आहे, भाव ऐकून परत ठेवावा असा. त्याने घासाघीस करून सहा घेतले. तेवढ्यात मागून कुणीतरी ‘पाळकसाहेब’ म्हणून हाक मारली आणि घासाघीस तिथेच संपली.

सोमवार पाळकांचा सुट्टीचा वार. ती परंपरा मात्र त्याने दीक्षेच्या आधीच स्वीकारली आहे. पाणचक्कीच्या वडाखाली तासभर बसणं झालं. तिथल्या दर्ग्याच्या आवारात एके काळी ग्रंथालय होतं, डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्यावर यात्रेकरूंचं दळण होई. कट्ट्यावर विद्यापीठाची मुलं स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसली होती. त्यांनी विचारलं, “तू कशाची तयारी करतोस?” हा म्हणाला, “ग्रीकची.” “त्याच्या जागा किती निघतात?” असा पुढचा प्रश्न आला. हसत हसत सगळ्यांनी मिळून आंबे संपवले.

पुढच्या आठवड्यात वेरूळ. सेमिनरीत इतर धर्मांचाही अभ्यास असतो, आणि बौद्ध, हिंदू, जैन अशा चौतीस लेण्यांची रांग तीस किलोमीटरवर असताना पुस्तकातच वाचत बसणं बरं नव्हे.

परत जाताना तो तुमच्याकडे नगरला एक रात्र थांबेल. पेटीचा भाता एका बाजूने फुसका झाला आहे, तुमच्या ओळखीत कुणी दुरुस्त करणारा असेल तर सांगून ठेव. वांगं खात नाही. चहा अर्धा कप, साखर कमी, आणि जेवणाआधीची प्रार्थना त्याला सांगू नकोस, भाऊजींनाच करू दे. घरी सगळ्यांना सलाम.