खरखर आणि जवारी

कंप पावणारी तार कुठे निसटती घासली की जो आवाज होतो, त्याला गिटारवाले दोष म्हणतात आणि तंबोरेवाले जवारी म्हणतात. एक पंथ तो घालवण्यासाठी रात्री जागवतो. दुसरा तो मिळवण्यासाठी थेट मिरजेची वाट धरतो. गेल्या वर्षी आमच्या रोह्याच्या घरात हे दोन्ही उद्योग एकाच खोलीत चालले होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

गिटार नवी होती, इलेक्ट्रिक. पेणला मामांच्या गणपतींच्या कारखान्यात दोन हंगाम मूर्तींना पॉलिशपेपर मारून पैसे जमवले आणि ती मुंबईहून आणली. तारा सुरात लावल्या, तर पहिल्या पाच पडद्यांवर कुठेही बोट ठेवा, सुराच्या आधी खरखर हजर! दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "नवीन आहे, वाजवून वाजवून बसेल." आता वाद्य म्हणजे काही चप्पल नव्हे, पायात घालून सैल व्हायला. स्नेहसंमेलन सहा आठवड्यांवर आले होते आणि दुसरी गिटार घ्यायची तर आणखी दोन हंगाम थांबणे आले.

तेव्हा मूळ कारणापासून सुरुवात केली. तार हलते ती मधल्या भागात सर्वांत जास्त. म्हणून दांडी अगदी सरळ असून चालत नाही. तिला पोटाशी किंचित बाक हवा, म्हणजे हलत्या तारेला जागा मिळते. पातळ तारांच्या संचाची एकूण ओढ चाळीस किलोच्या आसपास असते. या ओढीने दांडी भलतीच वाकू नये म्हणून तिच्या आत एक पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांना तिचे पेटंट १९२३ साली मिळाले. सळई आवळली की दांडी सरळ होते, सैल केली की बाक वाढतो. त्यात दमट हवेत लाकूड फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. दुकानाच्या थंड, कोरड्या हवेतली दांडी कुंडलिकेच्या काठी येऊन नव्या हवेशी जुळवून घेत असते, हेही लक्षात ठेवावे लागते.

खरखर कुठे आहे, यावरून तिचे घराणे ओळखता येते. तार मोकळी सोडल्यावरच खरखरत असेल, तर टोकाच्या नटची खाच खोल गेली आहे. पहिल्या पाचसहा पडद्यांवर असेल, तर दांडीला बाक कमी आहे. बाराव्याच्या पुढे असेल, तर तारा फार खाली आहेत. एखाद्याच जागी असेल, तर त्याच्या पुढचा एखादा पडदा वर उठला आहे. आमचे प्रकरण उघडच दुसऱ्या घराण्यातले.

बाक मोजायला जाडीच्या पट्ट्या लागतात. त्या वाद्यांच्या दुकानात मिळतील तेव्हा मिळोत, आमच्या नाक्यावरच्या गॅरेजात होत्या. मोटारसायकलचे टॅपेट लावायला मेकॅनिक त्याच वापरतात. जाड तार पहिल्या आणि सतराव्या पडद्यावर दाबून धरली आणि सातव्या पडद्यापाशी पट्टी सरकवून पाहिली. सर्वांत पातळ पट्टीसुद्धा जाईना. अॅलन कीने सळई पाव फेरा सैल केली, तारा पुन्हा सुरात लावल्या आणि एक दिवस वाट पाहिली. मग आणखी पाव फेरा. तिसऱ्या दिवशी ०.२५ मिलिमीटरची पट्टी अलगद गेली. मग बाराव्या पडद्यावर जाड तार २ मिलिमीटर आणि बारीक तार १.६ मिलिमीटर उंच राहील अशा बेताने ब्रिजवरच्या सॅडली लावल्या. शेवटी स्वर तपासला. बाराव्या पडद्यावर तारेला नुसते बोट टेकवून निघणारा स्वर आणि दाबून निघणारा स्वर एकच यायला हवा. दाबलेला चढा आला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे. रात्री अकरा वाजता सहाही तारा स्वच्छ बोलल्या.

आजोबा पलंगावरून हे सारे पाहत होते. ते म्हणाले, "अरे, तुला नको असलेली ती खरखर थोडी माझ्या तंबोऱ्याला दे."

त्यांचा तंबोरा कोपऱ्यात गवसणी घालून उभा. भजनाला आता मोबाईलमधला तंबोरा लागतो. कारण विचारले तर आजोबा "जवारी गेली" एवढेच सांगत. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी मंद उतार असतो. तार त्या उतारावर घासत कंप पावते आणि खाली सरकवलेला सुताचा दोरा तिची नेमकी जागा साधतो. या घोडीवर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली लेख लिहिला. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचे निस्पंद बिंदू असतात, ते उपस्वर उमटू नयेत असा नियम. तंबोऱ्यात आणि वीणेत ते उमटतात, असे त्यांनी दाखवले. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने मात्र त्या माथ्यावर खाचा पडतात आणि तंबोरा मुका होतो. इथे ना पट्टी चालते, ना अॅलन की.

दिवाळीच्या सुटीत तंबोरा घेऊन मी मिरजेला निघालो. निघताना आजोबांनी मला जवळ बोलावले. "ते सूर विचारतील. काळी एक सांगू नकोस. आता पांढरी सात सांग." आयुष्यभर काळी एकमध्ये गायलेल्या माणसाने हे सांगताना खिडकीबाहेर पाहिले. मी मान डोलावली.

मिरजेच्या या कारागिरीची सुरुवात एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांच्या हातून झाली. घराणे शिकलगारांचे, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांचे. २०२४ साली तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. कारागिराने खरोखरच पहिल्यांदा सूर विचारला. मी पांढरी सात सांगितले. मग कानस दोनदा फिरव, तार चढव, छेड, ऐक, पुन्हा उतरव, असे दोन तास चालले. त्याचे बोट घोडीवरून फिरताना मला पेणचे मामा आठवले. तेही मूर्तीच्या गालावरून असेच बोट फिरवतात आणि डोळ्यांना न दिसणारा उंचवटा सांगतात.

परत आल्यावर आजोबांनी तारा लावल्या. दोरा सरकवता सरकवता एका जागी खोली एकदम भरून गेली आणि खर्जातून गांधार आपोआप वर आला. आजोबा गायले, पांढरी सातमध्येच, चार ओळी. स्नेहसंमेलनात माझी गिटारही वाजली. खरखर झाली नाही, एवढे पाहणाऱ्यांनी मान्य केले.

पावसाळ्यात मी गिटारच्या दांडीचा बाक पुन्हा मोजला, पाव फेरा द्यावा लागला. आकडे कपाटाच्या दारावर लिहून ठेवले आहेत, उद्या कोणीही पाहून करू शकेल. जवारीचे आकडे मात्र लिहिता येत नाहीत. काही वर्षांनी त्या घोडीवर पुन्हा खाचा पडणार. म्हणून येत्या सुटीत कारागिराने मला बसायला बोलावले आहे. पॉलिशपेपरची सवय असल्याचे मी त्याला सांगितले आहे. "बोट दाखव," तो म्हणाला होता, आणि बराच वेळ पाहून त्याने ते सोडले.