दहा मिनिटं पुढचं घड्याळ

चौथ्या शनिवारी बँक बंद असते, म्हणून आमच्या संगणक विभागातली मोठी कामं त्याच दिवशी निघतात. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी बँकेच्या मुख्य कचेरीत काम करते. शाखांच्या काउंटरसाठी 60 नवे पीसी घेतले होते आणि पुरवठादाराच्या माणसांनी ते बसवूनही दिले होते. ते सगळे कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये नीट आलेत का ते बघायचं, पॅच सोडायचे आणि दुपारी घरी जायचं, असा बेत होता. या सॉफ्टवेअरला आमच्यात अजून एससीसीएमच म्हणतात. कन्सोल उघडला. नव्या नोंदी 38 होत्या आणि त्यातल्या 17 अप्रूव्ह झालेल्याच नव्हत्या.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "सगळी सिलेक्ट कर आणि अप्रूव्ह मार. नाहीतर सेटिंगच बदल, यापुढे कटकटच नको."

तशी सोय आहे. कोणतं मशिन आपलं मानायचं, याचे तीन पर्याय त्यात मिळतात: प्रत्येकाला हाताने मंजुरी द्यायची, विश्वासातल्या डोमेनमधल्या मशिनना आपोआप द्यायची, किंवा येईल त्याला द्यायची. आम्ही मधला पर्याय ठेवला होता. अप्रूव्ह झालेल्या मशिनला सर्व्हर गुप्त गोष्टीही देतो, उदाहरणार्थ नेटवर्कवरच्या फाइली उघडायच्या खात्याचा पासवर्ड. येईल त्याला मंजुरी देणं म्हणजे दारावर थाप पडली की कोण आहे हे न विचारता कडी काढणं. आत लोकांच्या ठेवी आहेत. मी साहेबांकडे सोमवारपर्यंतचा वेळ मागितला. त्यांनी तो दिला, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

सतरापैकी नऊंचा उलगडा लगेच झाला. ती मशिन डोमेनला जोडायचीच राहिली होती. डोमेनमध्ये नसलेल्या मशिनला स्वतःची ओळख पटवता येत नाही, त्यामुळे ती मंजुरीसाठी अडकणारच.

पुढची सात एकाच शाखेतली होती, आणि ती डोमेनमध्येही होती. त्यांचं काय बिनसलं ते काही केल्या कळेना. सर्व्हरचं नाव बरोबर सापडत होतं, फायरवॉलमधून वाट होती, क्लायंटच्या लॉगमध्ये नोंदणी झाल्याचंही दिसत होतं. फक्त मंजुरी नव्हती. आपोआप मंजुरी मिळायला मशिनने कर्बेरॉस पद्धतीने आपली ओळख पटवावी लागते. कर्बेरॉसचं वेळेवर बारीक लक्ष असतं, मशिनच्या आणि सर्व्हरच्या घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक असला की ते ओळख नाकारतं. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण त्या क्षणी डोक्यात आलं नाही. सोमवारी सकाळी शाखेत फोन लावला आणि काउंटरवरच्या ताईंना सहज म्हटलं, "तुमच्या स्क्रीनवर आत्ता किती वाजलेत?"

"दहा चाळीस."

माझ्याकडे साडेदहा वाजले होते.

शाखाधिकारी फोनवर आले. भिंतीवरचं घड्याळ ते मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवत होते, म्हणजे काउंटर वेळेवर उघडतात. नवे पीसी लावायला आलेल्या मुलाने तेच घड्याळ बघून सातही मशिनवर वेळ लावली होती. कर्मचारी अजून मशिनवरच्याच स्थानिक खात्याने लॉगिन करत होते, म्हणून कुणाला काही खटकलं नाही. वेळ आपोआप जुळायला हवी होती, पण त्या शाखेच्या फायरवॉलवर 123 नंबरचा पोर्ट बंद होता. पोर्ट उघडला, वेळ जुळवली, क्लायंटला पुन्हा नोंदणी करायला लावली. दुपारपर्यंत सातही मशिन माझा हात न लागता अप्रूव्ह झाली.

खरा घोळ मात्र यादीत न दिसणाऱ्या मशिनचा होता. 60 पीसी आणि नोंदी 38, मग बाकीची गेली कुठे? एका नोंदीचं नाव सकाळी एका शाखेचं दिसायचं, तासाभराने दुसऱ्या शाखेचं. तेव्हा लक्षात आलं की पुरवठादाराने एका पीसीवर क्लायंटसकट सगळं बसवलं होतं आणि तीच डिस्क 24 मशिनवर उतरवली होती. क्लायंटची ओळख दोन ठिकाणी असते: विंडोज फोल्डरमधल्या एसएमएससीएफजी नावाच्या फाइलमध्ये आणि एसएमएस नावाच्या सर्टिफिकेट स्टोअरमध्ये. डिस्कची प्रत काढण्याआधी ही दोन्ही पुसायला हवीत. ती न पुसल्यामुळे 24 मशिन एकाच नावाने हाका मारत होती, आणि कुणाचा अहवाल खरा ते सांगता येत नव्हतं. एका काउंटरला पॅच लागला की चोवीसही सुरक्षित दिसायची. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटली. आम्ही चार दिवस बसून एकेका मशिनवर क्लायंटची सेवा थांबवली, फाइल काढली, सर्टिफिकेट काढली आणि सेवा पुन्हा सुरू केली.

सतरामधली शेवटची एक नोंद उरली. तिचं नाव आमच्या पद्धतीचं नव्हतं आणि सिरियल नंबर मालमत्ता रजिस्टरमध्ये नव्हता. मी ती ब्लॉक केली. दोन दिवसांनी कळलं की तो पुरवठादाराच्या एका मुलाचा स्वतःचा लॅपटॉप होता. चाचणीसाठी त्याने शाखेच्या नेटवर्कला लावला आणि त्यावर क्लायंटही बसवला होता. त्या पोराच्या मनात काही वाईट नव्हतं. पण शनिवारी सगळी सिलेक्ट करून अप्रूव्ह मारलं असतं, तर बँकेचा पासवर्ड त्या लॅपटॉपवर बसून बाहेर गेला असता.

तेव्हापासून आमच्याकडे हाताने मंजुरी द्यायची वेळ आली तर आधी शाखेत फोन जातो. समोरचा माणूस मशिनमागचा सिरियल नंबर वाचून दाखवतो, तो रजिस्टरशी जुळला तरच मी अप्रूव्ह करते. एका मशिनला पाच मिनिटं लागतात. तुमच्या कन्सोलमध्येही अशी नोंद अडकलेली दिसली, तर बटण दाबण्याआधी तेवढी पाच मिनिटं काढा.