फ्रीजवरची वही

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या डोक्यावर, पापडाच्या डब्याला टेकून, एक वही तीन वर्षं राहिली. २०० पानी लाँगबुक, निळ्या पुठ्ठ्याची. ओले हात लागून लागून पुठ्ठ्याचे कोपरे पांढरे पडलेत, पाठीला खाकी चिकटपट्टी आहे, आणि मधली पानं उघडली की अजून हळदीचा वास येतो. सुतळीनं बांधलेलं एक पेन तिच्याबरोबर असायचं. ते पेन दुसऱ्या कशालाही सोडायचं नाही, असा घरात नियम होता.

घरात त्या काळात प्रत्येकाला मत होतं. वहीला नव्हतं. जे सांगाल ते ती ठेवून घ्यायची आणि महिन्यानं विचारलं तर जसंच्या तसं परत करायची. माणसाचं तसं नसतं. मी आई, काल काय घडलं यापेक्षा काय घडायला हवं होतं तेच मला जास्त आठवायचं.

वही घरी आली तेव्हा आमचा धाकटा सात वर्षांचा होता. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि तो डोळे मिचकावायला लागला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर तपासली, काही नाही म्हणाले. दिवाळीपर्यंत डोळे थांबले आणि घसा सुरू झाला, मिनिटामिनिटाला खाकरणं. खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या संपल्या. मग उजवा खांदा उडू लागला. त्याच महिन्यांत पोटाचंही चाललं होतं: शाळेला निघायच्या वेळेला पोट धरून बसायचा, पोटात गुडगुड, मग पातळ संडास. कुणी म्हणालं चाळा लागलाय, एक धपाटा द्या. कुणी दृष्ट काढली. जाऊबाई म्हणाल्या, सगळं पोटातून येतं, पोट सुधार, डोळे आपोआप थांबतील. ते मला पटलं. पटलं, कारण पोट माझ्या हातात होतं. डोळे नव्हते.

बालरोगतज्ज्ञ बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्याच भेटीत त्या उडण्या-खाकरण्याला नाव दिलं: टिक्स. मूल हे मुद्दाम करत नाही, शिंक दाबून धरावी तसं थोडा वेळ दाबू शकतं. म्हणून शाळेत कमी आणि घरी आल्यावर जास्त. पाच-सात वर्षांच्या सुमाराला सुरू होतात, दहा-बाराच्या आसपास सगळ्यात जास्त असतात, पुढं बऱ्याच मुलांच्यात उतरतात. आणि एरवीही त्यांना भरती-ओहोटी असते. वाढतात, कमी होतात, डोळ्यांवरून घशात जातात. "त्यामुळं तुम्ही काहीही केलंत तरी महिन्याभरात फरक पडल्यासारखा वाटणार," बाई म्हणाल्या. "दोन त्रास एका मुलाला आहेत म्हणून ते एकच असतील असं नाही. वही घाला. पहिले पंधरा दिवस काही बंद करू नका, नुसतं लिहा."

वहीचे रकाने मी त्याच रात्री पट्टीनं आखले. वेळ. पोटात काय गेलं. पोट. टिक्स. झोप. आणि शेवटी 'दिवसात काय घडलं'. हा शेवटचा रकाना मला उगाचच वाटला होता, म्हणून तो सगळ्यात अरुंद आखला. टिक्स मोजायच्या त्या संध्याकाळी दिवेलागणीनंतर, तो गृहपाठाला बसला की, फक्त दहा मिनिटं, तेही त्याच्या मागून. त्याच्यासमोर मोजायचं नाही, टोकायचं नाही, हे बाईंनी बजावलं होतं. लक्ष गेलं की त्या वाढतात.

वहीत चार अक्षरं आहेत. माझं तिरकं. ह्यांचं ठोकळेबाज, दोन शब्दांच्या वर न जाणारं. सासूबाईंचं जुन्या वळणाचं, प्रत्येक ओळीला पूर्णविराम देणारं. चौथ्याचं पुढं सांगते.

आम्ही कोल्हापूरचे. ज्या गावात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हैस समोर पिळून माणसं उभ्या उभ्या धारोष्ण दूध पितात, तिथं पोराला दूध सोसत नाही हे बोलायचं कसं? "दूध न्हाई सोसत म्हंजे काय?" सासूबाईंनी विचारलं होतं, आणि त्यात रागापेक्षा काळजी जास्त होती. त्यांच्या सासरी, माहेरी, दोन्हीकडं पैलवान झालेले. पण वहीनं पंधरा दिवसांत दूध पकडलं. सकाळी सात वाजता पेलाभर म्हशीचं दूध, आठच्या आत पोट. रविवारी उशिरा दूध, उशिरा पोट. एकदा दूध नासलं म्हणून प्यायलाच नाही; त्या दिवशी पोटाचा रकाना कोरा. मग तीन आठवडे दूध बंद, तीन दिवस चालू, परत बंद. रकाना तीनदा तेच बोलला.

बाईंनी कागदावर आतडं काढून समजावलं. दुधात जी साखर असते ती पचवणारं लॅक्टेज नावाचं विकर लहानपणी भरपूर असतं, पुढं कित्येकांच्यात कमी होत जातं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात, वायू धरतो. गाईचं घेतलं तरी फरक नाही, दोन्ही दुधांत ही साखर जवळपास सारखीच. पण दह्यात ती थोडी कमी झालेली असते, विरजणानं आपला वाटा खाल्लेला असतो; साजूक तुपात तर ती नावालाच. म्हणजे दही-भात चालला, ताक चाललं, वरणावर तूप चाललं. पांढऱ्या रश्शातलं दूध नारळाचं, त्याची तर काळजीच नव्हती. कॅल्शियमसाठी नाचणीची आंबील आणि तिळाची चटणी आली. कुणाला अॅलर्जी असते ती गोष्ट वेगळी, तिथं थेंबही चालत नाही. ह्याला थोड्याफार दुधानं इजा होणार नव्हती, फक्त पोट दुखणार होतं. हा फरक समजल्यावर घरातली भीती निम्म्यानं उतरली.

त्याच सुमाराची सासूबाईंची एक नोंद आहे. "अर्धी वाटी खरवस दिला. मागत होता. माझ्याच्यानं राहवलं नाही." खाली दोन तासांनी, त्यांच्याच अक्षरात: "पोट दुखलं. माझी चूक." त्यांच्याशी ह्या विषयावर माझं पुन्हा कधी भांडण झालं नाही. जे त्या माझ्याजवळ बोलू शकल्या नसत्या, ते त्यांनी वहीजवळ बोलून टाकलं होतं.

आणि टिक्सचा रकाना? दूध बंद होतं त्या तीन आठवड्यांत तो १४ वरून ३१ वर गेला.

मी ते पाहिलं आणि वहीवर विश्वास ठेवायच्या ऐवजी तिच्यावर रुसले. मला वाटलं, अजून काहीतरी काढायचं राहिलंय. पुढचे दोन महिने माझ्या आयुष्यातले मला सगळ्यात जास्त बोचणारे महिने आहेत. नात्यातल्या कुणी गहू सुचवला, गहू बंद. एका प्रयोगशाळेनं रक्त घेऊन पदार्थांची लांबलचक रंगीत यादी दिली, लाल खुणेचे सगळे बंद: अंडं, शेंगदाणे, टोमॅटो, केळं. त्या तपासणीत आयजीजी नावाची प्रतिद्रव्यं मोजतात. ती असणं म्हणजे तो पदार्थ आपण खातो एवढीच खूण. अॅलर्जीतज्ज्ञांच्या मोठ्या संस्था ह्या तपासणीवरून पदार्थ बंद करू नका म्हणूनच सांगतात. मला ते नंतर कळलं. त्या पानांवर 'पोटात काय गेलं' हा रकाना रोज तेच चार शब्द सांगतो: भात, मूगडाळ, भाकरी, दुधी. पोराचं वजन २२ किलोवरून साडेवीसवर आलं.

बाई त्या वेळी माझ्यावर पहिल्यांदा रागावल्या. गहू बंद करायच्या आधी सिलिॲकची, म्हणजे गव्हानं आतडं बिघडतं त्या आजाराची, रक्ततपासणी करायची असते. गहू थांबवल्यावर केली तर असलेला आजारही दिसत नाही. मग त्यांनी वही मागितली आणि रोजच्या फोडणीवर बोट ठेवलं. हिंग कुठलं वापरता? बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. डबी आणून वाचली, होतंच. दोन महिने आम्ही मुलाच्या हातातली पोळी काढून घेतली होती आणि गहू रोज वरणातून थोडाथोडा चालूच होता. गहू पुन्हा नीट सुरू केला, काही आठवड्यांनी तपासणी झाली, सिलिॲक नव्हता. त्या दिवशी पोळी-शिकरण मागितली त्यानं. दुधाऐवजी नारळाचं दूध घालून केली.

सिलिॲकवरून बाईंनी एका डच डॉक्टरांची गोष्ट सांगितली. विलेम डिके त्यांचं नाव. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, माणसं उपाशी मरत होती, आणि डिकेंच्या दवाखान्यातली ही पोटाची मुलं मात्र सुधारत होती. पाव परत आला तशी ती पुन्हा खालावली. गव्हाचा संशय त्यांना आधीपासून होता. मुलांची वजनं आणि आहार ते बारकाईनं टिपत राहिले आणि १९५० साली त्यावर प्रबंध लिहिला. मला त्या रात्री आमच्या वहीचं गोत्र कळल्यासारखं झालं. नोंद खरी असेल तर तिच्यातून एवढं मोठं काही निघू शकतं.

एक संशय तरीही उरला होता, खाण्यातल्या रंगाचा. १५ ऑगस्टला आमच्याकडं घरोघरी जिलेबी येते. १६ तारखेला टिक्स ४०. मी जिलेबीखाली तांबड्या पेनानं रेघ मारली. संशय हवेतला नव्हता. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठानं २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणानं काही मुलांची चंचलता वाढलेली दिसली होती, आणि २०१० पासून युरोपात अशा सहांपैकी कुठलाही रंग असलेल्या पदार्थांच्या पाकिटांवर इशारा छापावा लागतो. पण तो चंचलतेचा अभ्यास होता, टिक्सचा नव्हे. बाईंनी सुचवलं, घरी करून पाहा. झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत लिंबू सरबत, दहा दिवस. त्यातले पाच दिवस काडीच्या टोकावर मावेल एवढा पिवळा रंग, पाच दिवस नाही. कुठले दिवस ते फक्त ह्यांना माहीत. मी रोज मोजायचं, आणि आज रंग होता असं वाटलं तर समासात टिंब द्यायचं.

दहाव्या रात्री दोन्ही कागद शेजारी ठेवले. रंगाचे दिवस आणि बिनरंगाचे दिवस यांत फरक नव्हता. फरक टिंबांत होता. ज्या दिवशी मी टिंब दिलं होतं, त्या दिवशी माझे आकडे चढे होते. मी भिऊन पाहत होते, म्हणून जास्त दिसत होतं. एका घरातल्या दहा दिवसांनी जगाला काही सिद्ध होत नाही. पण आहार बदलून टिक्स बऱ्या होतात याचा भक्कम पुरावा अजूनपर्यंत कुणाकडंच नाही, आणि माझ्या घरात वहीनं मला हे माझ्याच अक्षरात दाखवलं.

मग १५ ऑगस्टचं पान पुन्हा पाहिलं. अरुंद रकान्यात, समासाबाहेर सांडलेलं: "संचलनाची तालीम, पहाटे साडेपाचला उठला, तिसरा दिवस. चाचणी सोमवारी." त्याच रकान्यात मागं मागं गेले. ३१ चा आठवडा: सर्दी-ताप, आणि वर्गशिक्षिका बदलल्या. सुट्टीत आजोळी, भरपूर झोप, तिथंही जिलेबी खाल्लेली: ६. सगळं त्या अरुंद रकान्यात पहिल्यापासून होतं. मीच दुसरा रकाना वाचत बसले होते.

आता चौथं अक्षर. तो साडेआठ वर्षांचा असताना त्याला वही सापडली. स्टूल घेऊन चढला असावा. त्याच दुसऱ्या महिन्यातल्या, भात-मूगडाळीच्या पानावर, त्यानं शिसपेन्सिलीनं खाली लिहिलं: "ह्या दिवशी वाढदिवसाला मी केक खाल्ला नाही, भडंगपण नाही. सगळे का विचारत होते. मी पोट दुखतंय सांगितलं. दुखत नव्हतं." आणि त्याखाली: "डोळ्यात आधी कायतरी साठतं मग मिचकावलं की जातं. खाण्याने नाही साठत."

ती ओळ घेऊन मी बाईंकडं गेले. त्या म्हणाल्या, हेच हवं होतं, आता तो शिकायच्या वयाचा झाला. टिक येण्याआधीची ही जाणीव ओळखायची आणि त्या क्षणी दुसरी, शांत कृती करायची, अशी शिकवण आहे. घशात साठू लागलं की नाकानं संथ श्वास. डोळ्यांत साठलं की मुद्दाम सावकाश, अलगद उघडझाप. अमेरिकेत १२६ मुलांवर ह्या पद्धतीची चाचणी झाली, २०१० मध्ये निष्कर्ष आले. निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना चांगला फायदा झाला, नुसत्या समजुतीच्या आणि माहितीच्या भेटी मिळालेल्यांच्यात पाचात एकाहूनही कमी मुलांना. आम्ही मानसतज्ज्ञांकडं आठ बैठका केल्या. शाळेत जाऊन शिक्षिकांना एवढंच सांगितलं, की टोकू नका. टिक्स गेल्या नाहीत. तो त्यांना घाबरेनासा झाला, आणि बाकीचं घरही.

तेव्हापासून टिक्सचा रकाना त्याच्याकडं गेला. वाटलं तर लिहायचा, नाहीतर नाही. शेवटची पंचवीसेक पानं त्याचीच आहेत, आणि त्यांत 'पोटात काय गेलं' पुन्हा भरलंय: कट वडा, शेंगदाण्याची चटणी, अंड्याची पोळी, हुरडा, मामाकडची दोन केळी.

तो आता तेरा वर्षांचा आहे. परीक्षेच्या दिवसांत अजून घसा खाकरतो. दूध पीत नाही.

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एक बाई आल्या. त्यांच्या मुलीचे डोळे सुरू झालेत, पोटही बिघडतं. त्यांना आमची यादी हवी होती, काय काय बंद केलं त्याची. मी फ्रीजवरची वही दिली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी २०० पानी आणली, रकाने आखून दिले, शेवटचा सगळ्यात रुंद ठेवला. म्हटलं, ताई, पहिले पंधरा दिवस तिच्या ताटातलं काही काढू नका. नुसतं लिहा, आणि ते घेऊन डॉक्टरांकडं जा.